गॅरेजमधलं चार्जिंग: आधी वायरिंग, मग चार्जर
घरी इलेक्ट्रिक कार चार्ज करायची तर थेट ७ किलोवॅटचा चार्जर बसवा, काळजी मिटली, असं एकांनी लिहिलंय. मला वाटतं, आधी रोजचं अंतर बघावं. एका युनिटला ६-७ किलोमीटर धरले, तर ४० किलोमीटरला ६-७ युनिट लागतात. २३० व्होल्टवर १६ अँपिअर म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट, दोन-अडीच तासांत काम होतं आणि गाडी तर रात्रभर उभीच असते.

खरी काळजी वायरिंगची. गिझर थोड्या वेळात बंद होतो, गाडी मात्र तासन्‌तास पूर्ण लोड घेते. सॉकेटमधला एखादा स्क्रू सैल असला तरी तो तापत राहतो आणि भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं. मेन बोर्डापासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच. भिंत फोडणारच असाल, तर आत्ताच ३२ अँपिअरला (म्हणजे पुढे ७ किलोवॅटच्या चार्जरलाही) पुरेल अशी जाड तांब्याची वायर टाकून घ्या.

आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा, म्हणजे ट्रिप होणारा स्विच) ‘एसी’ टाइपचा अजिबात नको! डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची, गळती झाली तर तो ट्रिप न होण्याचा धोका असतो. चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखायची सोय असेल तर ‘ए’ टाइप चालतो, नसेल तर ‘बी’ घ्या.