सभा, मंडळी, मंडळ की सोसायटी? कॉलेजच्या इतिहासात काय लिहावं?

प्रश्न

आमच्या महाविद्यालयाच्या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांच्या मंडळांचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. जुन्या इतिवृत्तांच्या वह्या चाळताना गोंधळले. वादविवाद करणारा एकच गट पहिल्या वहीवर ‘डिबेटिंग सोसायटी’ आहे, पुढच्या वहीवर ‘वक्तृत्व सभा’ आणि नंतर ‘वक्तृत्व मंडळ’. आताची मुलं सरळ ‘क्लब’ म्हणतात. संपादकांचं म्हणणं, सगळीकडे ‘मंडळ’ करून टाका. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. या शब्दांत खरंच काही फरक होता का?

प्रतिसाद

ताई, फरक होता आणि तो काळाबरोबर सरकत गेला. त्यामुळे सरसकट एकच शब्द लावू नका, ही पहिली विनंती.

मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ निघाली. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला अजून नऊ वर्षं होती. तिथे मुलं निबंध वाचत, त्यावर चर्चा करत. इंग्रजीतून मिळालेलं ज्ञान आपल्या भाषांत उतरावं म्हणून तिच्या देशी भाषांतल्या शाखा निघाल्या. मराठी शाखेचं नाव ‘ज्ञानप्रसारक सभा’, गुजराती शाखेचं ‘ज्ञानप्रसारक मंडळी’. एका सोसायटीच्या दोन लेकी, एक सभा झाली नि दुसरी मंडळी! मराठी सभेचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. १८५० साली ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही सुरू झालं. आणि १८४९ मध्ये याच सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या. तिथे सोसायटीतली तरुण मंडळी वेतन न घेता शिकवत. निबंध वाचायला जमलेल्या पोरांनी वर्षभरात शाळा उभ्या केल्या, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं काम वाटतं. तुमच्या लेखात जागा असेल तर हे जरूर घ्या.

आता शब्दांकडे. त्या काळी ‘सोसायटी’ला मराठीत एकच ठरलेला प्रतिशब्द नव्हता. गोखल्यांच्या १९०५ च्या ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ला मराठीत ‘भारत सेवक समाज’ म्हटलं गेलं. पुढच्याच वर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांनी काढलेल्या ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन सोसायटी’चं मराठी नाव ‘भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी’. सभा, समाज, मंडळी असे तिन्ही शब्द तेव्हा संस्थेसाठी चालत होते.

पुढे एकेक शब्द आपापल्या वाटेने गेला. ‘सभा’ संस्थेकडून बैठकीकडे सरकली. आज ‘सभा’ म्हटलं की ती भरते, तहकूब होते, उधळली जाते. संस्थेच्या अर्थाने ती फक्त जुन्या नावांत टिकून आहे, जशी १८७० ची पुण्याची सार्वजनिक सभा. ‘समाज’ फार मोठा झाला, कॉलेजच्या एका खोलीत मावेना. आणि ‘मंडळी’ संस्था सोडून माणसांकडे वळली. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या काळात ‘मंडळी’ म्हणजे कंपनी. आज ‘मंडळी आली’ म्हटलं की दारात चपला दिसतात. ‘मंडळीने ठराव केला’ हे वाक्य आता कानाला खटकतं, ‘मंडळाने ठराव केला’ खटकत नाही. आज आपण बिनधास्त म्हणतो, ‘वाङ्मय मंडळाची मंडळी कुठे गेली?’ दोन्ही शब्द एकाच घरातले, पण कामं वाटून घेतलेली.

प्रतिसाद

‘समाज’बद्दल एक भर घालतो. पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘समुदोरजः पशुषु’. त्याप्रमाणे जनावरांच्या कळपाला ‘समज’ आणि माणसांच्या समूहाला ‘समाज’. ऱ्हस्व-दीर्घात एवढा फरक! प्रूफ तपासणाऱ्याने हे कायम लक्षात ठेवावं.

प्रतिसाद

‘सोसायटी’चं काय झालं तेही सांगायला हवं. १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यानंतर हा शब्द गावोगाव पोचला. खेड्यात ‘सोसायटी’ म्हणजे कर्ज देणारी विकास सोसायटी, शहरात राहत्या इमारतीची. कॉलेजातला मुलगा ‘मी सोसायटीत आहे’ म्हणाला तर आज आपण फ्लॅटचा नंबर विचारू.

‘क्लब’ मात्र कॉलेजात नवा नाही. त्याचा जुना अर्थ जेवणाचा! मुलं एकत्र येऊन आचारी ठेवायची, महिन्याचा हिशेब आळीपाळीने सांभाळायची, त्या सोयीला ‘क्लब’ म्हणायचे. ‘अमक्या क्लबात जेवतो’ असं वाक्य जुन्या आठवणींत दिसलं तर तिथे ताट आहे, पत्त्यांचा डाव नाही. तुमच्या वह्यांमध्ये ‘क्लब’ आला असेल तर आधी खर्चाचा रकाना बघा. तांदूळ-डाळ असेल तर ती खाणावळ.

मूळ प्रश्नकर्ती

खरंच आहे हो! एका वहीत ‘क्लब’पुढे तुपाचा हिशेब आहे, मला वाटलं चुकून दुसरी वही शिवली गेली. आणखी एक विचारते. आमच्याकडे नाटकवाले स्वतःला ‘आर्ट सर्कल’ म्हणवतात. त्याचं ‘कला मंडळ’ केलं तर चालेल का?

प्रतिसाद

अर्थाने अगदी चपखल बसेल. ‘मंडल’ म्हणजे मुळात वर्तुळच, चंद्राचं मंडल म्हणतो तसं. महसूल खात्यातल्या मंडळ अधिकाऱ्याला गावात ‘सर्कल’ म्हणतात, तेही यामुळेच. पण इतिहासात बदलू नका. त्या मुलांनी पोस्टरवर ‘आर्ट सर्कल’च रंगवलं होतं, नाव त्यांचं आहे. हेच ‘गॅदरिंग’चं. निमंत्रणपत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ छापायचं आणि तोंडाने ‘गॅदरिंग’च म्हणायचं, असे दोन्ही शब्द पिढ्यान्‌पिढ्या शेजारीशेजारी नांदले आहेत. दोन्ही लिहा.

मूळ प्रश्नकर्ती

मग असं करते. मथळ्यात ‘मंडळे’, कारण आजच्या वाचकाला ते लगेच कळेल. आत मात्र ज्या वर्षी वहीवर जे नाव, तेच. अडचण लिंगाची. ‘सोसायटी’ ती, ‘मंडळ’ ते, ‘क्लब’ तो. एकाच परिच्छेदात ‘तिचे सभासद’ आणि दोन ओळींनी ‘त्याचे सभासद’ होतं.

प्रतिसाद

नाव बदलतं त्या वर्षी परिच्छेद तोडा. आणि तोडलेल्या जागी नाव का बदललं तेही इतिवृत्तात शोधा. तो ठराव बहुधा सापडेल, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासकट.