मदत हवी आहे: मामांच्या लिव्हरमध्ये पू झालाय, एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू आहे, सर्जनना सांगायचं का?

नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतोय, सांभाळून घ्या. मामा एचआयव्ही पॉझिटिव्ह, रोज रात्री टीएलडीची गोळी (एआरटीची तीन औषधं एकाच गोळीत). गेल्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं पार खांद्यापर्यंत. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये ७ सेंटीमीटरचा अ‍ॅबसेस (पूची गाठ) निघाला. सर्जन म्हणाले अमीबाचा दिसतोय, काल सुईने पू काढला, चॉकलेटी होता, आणि सलाईनमधून मेट्रोनिडाझोल सुरू केलंय. पण मामांनी तिथे एआरटीचं सांगितलंच नाहीये, गोळीची बाटली उशीच्या अभ्र्यात, वॉर्डबॉय आमच्याच गावचा म्हणून बोभाटा होईल म्हणतात. दोन्ही औषधं एकत्र चालतात का? आणि न सांगता निभावेल का?

प्रतिसाद १:
मी एआरटी सेंटरला काउन्सेलर आहे. मेट्रोनिडाझोलचं टीएलडीशी काही वाकडं नाही. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध देतायत का बघा, त्यात अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, त्याने टीएलडीतलं डोल्युटेग्राविर अंगी लागत नाही, म्हणून टीएलडी त्याच्या २ तास आधी नाहीतर ६ तासांनी. अ‍ॅसिडिटीचंच पॅन्टोप्राझोल चालतं.
पण सर्जनना सांगाच. एचआयव्हीत असा पू टीबीचाही असू शकतो, त्यांना माहीतच नसेल तर टीबीची तपासणी सुचणार कशी? वॉर्डात नको, केबिनमध्ये मामांनी स्वतः सांगावं किंवा त्यांना विचारून मामींनी. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने त्यांच्या संमतीशिवाय ही गोष्ट बाहेर फोडता येत नाही, उपचारही नाकारता येत नाहीत. अडलं तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे.

प्रतिसाद २:
वरचं सगळं बरोबर. एक राहिलं, मेट्रोनिडाझोलने लिव्हरमधला अमीबा मरतो पण आतड्यात दडून बसलेला पुरता जात नाही, त्यासाठी नंतर डायलोक्झानाइड फ्युरोएट असतं, साधारण ५०० मिग्रॅ तीन वेळा १० दिवस. डिस्चार्ज कार्डावर दिसलं नाही तर डॉक्टरांना विचारा, घाईगडबडीत हे हमखास राहतं. मामा घेत असतील तर दारू आत्ता थेंबभरही नको, मेट्रोनिडाझोलवर उलट्या, धडधड सुरू होते. आणि नंतरच्या सोनोग्राफीत पोकळी दिसली म्हणून घाबरू नका, ती भरायला कधीकधी महिनेच्या महिने लागतात, ताप आणि दुखणं गेलंय ना ते बघायचं.

धागाकर्ता:
खूप आभार. मामा तयार झालेत, संध्याकाळच्या राउंडनंतर मामी केबिनमध्ये जाऊन बोलतील. पण काल काढलेला पू टाकून दिला असेल तर टीबीच्या तपासणीसाठी परत सुई टोचायला लागेल का?

प्रतिसाद १:
आधी लॅबला फोन लावा, कल्चरला (जंतू वाढवून तपासायला) पाठवला असेल तर थोडा शिल्लक असू शकतो. आत्ताच लावा, संध्याकाळची वाट बघू नका.