छोट्या बॉयलरसाठी तांब्याची नळी परवडेल अशी कुठे मिळेल? (पुणे / मुंबई)

वाफारा
नमस्कार मंडळी. वाफेच्या छोट्या इंजिनासाठी उभा बॉयलर करायला घेतलाय. कवच ५४ मिमी व्यासाचं, १५० मिमी उंच. आत धुराच्या सात नळ्या, तीन सुताच्या (३/८ इंची). दाब ४० पीएसआय. इंजिन तयार आहे, कॉम्प्रेसरच्या हवेवर छान पळतं, पण तांब्यापाशी गाडी अडली आहे. पुण्यात बोहरी आळीत तीन-चार दुकानं फिरलो. तीन सुताची नळी आहे, पण ५० फुटांचं आख्खं बंडल घ्या म्हणतात. मला लागणार जेमतेम सव्वा मीटर. ५४ मिमीची नळी तर कोणी ठेवतच नाही. कवच पितळी नळीचं केलं तर चालेल का?

तीन_सूत
पितळ अजिबात नको. गरम पाण्यात आणि वाफेत त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे ठिसूळ, सच्छिद्र तांबं उरतं. वरून नळी धडधाकट दिसते, म्हणून जास्त धोका.

धुराच्या नळ्यांसाठी दुकानात जाऊच नका. स्प्लिट एसी बसवणाऱ्या मेकॅनिकला गाठा. प्रत्येक बसवणीत हात-दोन हात तुकडा उरतो, तो ते साठवतात आणि भंगारात घालतात. भंगारापेक्षा थोडा जास्त भाव दिलात तर आनंदाने देतील. तीन सुताची, ०.७ मिमी जाडीची नळी मीटरला साधारण १७५ ग्रॅम भरते, म्हणजे तुमचं काम पाव किलोच्या आत. शिवाय एसीच्या नळीचं तांबं फॉस्फरस घालून ऑक्सिजन काढलेलं असतं, डाग द्यायला (धातूची काडी वितळवून सांधा जोडायला) उत्तम. वीजवाल्यांच्या बसबारचं (वीज वाहून नेणाऱ्या जाड पट्टीचं) तांबं तसं नसतं. त्यात ऑक्सिजन असतो, आणि गॅस जास्त असलेल्या ज्योतीत लाल केलं की ते आतून तडकतं. बुडाच्या आणि माथ्याच्या चकत्यांसाठी कोणी बसबार देऊ केला तर घेऊ नका.

नळी नवी, न वापरलेली मागा. जुन्या एसीतली असेल तर आतलं तेल नीट धुतल्याशिवाय ज्योत लावू नका. उरलेल्या गॅसचा विषारी धूर होतो.

खिशात कानस आणि लोहचुंबक ठेवा. मला एकदा एका दुकानातून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नळी तांब्याच्या भावाने मिळाली. घरी येऊन कापली तेव्हा आत पांढरी निघाली. एक ओरखडा तिथेच काढला असता तर पैसे वाचले असते. फ्रीजमागच्या जाळीची नळी बहुधा पोलादी असते, चुंबक लगेच सांगतो.

मठार
५४ मिमीचं उत्तर इस्पितळांत आहे. ऑक्सिजनच्या लाइनी तांब्याच्याच टाकतात, त्यात २८, ४२ आणि ५४ मिमीच्या नळ्या सर्रास असतात. मेडिकल गॅसचं काम करणाऱ्या कंत्राटदाराकडे वीतभर तुकडे पडलेले असतात. ५४ ची नळी १.२ मिमी जाड मिळाली तर मीटरला पावणेदोन किलोच्या आसपास, म्हणजे तुमचा तुकडा पावकिलोहून थोडा जास्त. ४० पीएसआयला त्या भिंतीवर ताण येतो जेमतेम ६ मेगापास्कल, मऊ तांबंसुद्धा ते आरामात पेलतं. मुंबईला जाणं होत असेल तर गुलालवाडी आणि किका स्ट्रीट पालथी घाला, तांबं-पितळेचा बाजार तोच. तिथे भाव किलोवर विचारा.

चकत्यांसाठी कसब्यातल्या तांबट आळीत जा. दोन मिमी पत्र्याची कड वळवणं हे त्यांचं रोजचं काम. लाकडी साचा तुम्ही न्या. एकदा समोर बसून बघाच, पत्रा कधी तापवायचा आणि कधी थांबायचं हे वाचून कळत नाही.

तीन_सूत
आणखी एक, कारण इथेच लोक चुकतात. नळीत वाचवलेले पैसे डागात घाला. साधं शिसं-कथील १९० अंशांच्या आत वितळतं आणि ४० पीएसआयची वाफ १४० च्या वर असते. पाणी आटलं की सांधा गेलाच. एसीवाल्यांच्या फॉस्फरसच्या काड्या स्वस्त आहेत, पण कोळशाच्या धुरातलं गंधक त्या सांध्यांना खातं. ४५ टक्के चांदीची काडी घ्या आणि ‘कॅडमियम नसलेली’ असं स्पष्ट सांगून घ्या. केडीएम दागिन्यांतलं तेच कॅडमियम, त्याचा धूर फुप्फुसं जाळतो.

वाफारा
तीन आठवड्यांनी लिहितोय. घराजवळच्या एसी मेकॅनिकने तीन सुताचे चार तुकडे दिले, सगळे मिळून २३० ग्रॅम, भंगाराच्या भावावर थोडे पैसे जास्त. ५४ चा तुकडा एका कंत्राटदाराकडे मिळाला, २०० मिमी. चकत्या तांबट आळीत वळवून घेतल्या. काकांनी पत्रा तीनदा लाल करून पाण्यात बुडवला आणि प्रत्येक वेळी माझ्या हातात देऊन किती मऊ झालाय ते दाखवलं. काल डाग दिले. चाचणी कशाने घेऊ? सायकलचा पंप आहे.

मठार
हवेने मुळीच नको! दाबलेली हवा फुटली तर तुकडे उडतात. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडाही राहू देऊ नका. प्लंबरचा हातपंप दिवसाच्या भाड्याने मिळतो. दुप्पट दाब, म्हणजे ८० पीएसआय. अर्धा तास काटा हलता कामा नये. सांधे पाझरले तर आतलं पाणी पूर्ण काढून, सांधा कोरडा करून पुन्हा डाग द्या. सेफ्टी व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय बर्नर पेटवू नका.