मदत हवी आहे: तिघी डिटेक्टिव्ह, पण मारामारी लुटुपुटीची वाटतेय

गल्लीबोळ: सहा मिनिटांची विनोदी शॉर्ट फिल्म आहे. तीन मुली डिटेक्टिव्ह, एक व्हिलन. नमुना २००० सालच्या ‘चार्लीज एंजल्स’ या हॉलिवूड सिनेमातल्या गल्लीतल्या मारामारीचा. मोबाइलवर २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम), रात्री ट्यूबलाइटखाली. ठोसा लागत नाही हे उघड दिसतं, एक लढते तेव्हा बाकीच्या दोघी खांबासारख्या उभ्या. आणि वायरवर उडण्यासारखं काही घरगुती जमेल का? बजेट जवळपास शून्य.

तिसरा_डोळा: कॅमेरा बाजूला लावलाय ना? तिथून मूठ आणि गालातली फट दिसणारच. कॅमेरा मारणारीच्या खांद्यामागे न्या. मूठ आणि चेहरा एका रेषेत आले की वीतभर अंतर झाकलं जातं. सरळ ठोसा नको, आडवा फिरवा. मोबाइलची २एक्स (दुप्पट झूमची) लेन्स लावून तीनेक मीटर मागे उभे राहा. मूठ नाकासमोरून जाताना व्हिलनने मान वळवायची, आधी नाही. नवखे इथेच फसतात.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ, १/१०० सेकंदावर लॉक करा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर भलतंच ठेवलंत तर चित्रात पट्टे सरकतात. १/५० चालतं, पण १/१०० ला हालचाल जास्त करकरीत दिसते. अंधारलं तर दिवा वाढवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) नको.

कात्रीवाले: एडिटमध्ये वेग ११० टक्के करा. ११५ च्या पुढे गेलात तर एंजल्सचा चार्ली राहील बाजूला, चॅप्लिन दिसायला लागेल. संवादाच्या शॉटला हात लावू नका. त्या सिनेमात क्रिस्पिन ग्लोव्हरने केलेला व्हिलन, ‘थिन मॅन’, एक शब्द बोलत नाही. तुमचाही व्हिलन मुका ठेवा, म्हणजे वेगाची मोकळीक मिळेल. ठोशावर कट मारताना पुढच्या शॉटमध्ये आधीच्या दोन-तीन फ्रेमची हालचाल पुन्हा येऊ द्या, नाहीतर डोळ्याला फटका कळतच नाही. आवाजाला ओला टॉवेल उशीवर आपटा.

पडझड: वायर विसरा. त्या सिनेमात मारामारी बसवायला युएन चेउंग-यान यांच्यासारखा हाँगकाँगचा मुरलेला माणूस होता (‘द मॅट्रिक्स’ची मारामारी बसवणाऱ्या युएन वू-पिंग यांचा भाऊ). पंख्याच्या हुकाला दोरी तर अजिबात नको. हुक स्थिर वजनासाठी असतो, झटक्याला भार वजनाच्या कितीतरी पट होतो. त्यापेक्षा दीड फुटी बाकावरून उडी, कॅमेरा जमिनीलगत, ५० एफपीएस निम्म्या वेगाने, पाय टेकायच्या आत कट. दोन गाद्यांच्या सांध्यात पाय मुरगळतो, म्हणून गाद्या टेपने जोडा, वरून चादर ताणून खोचा.

खांबांचं म्हणाल तर मारामारी आठ-आठ मात्रांत मोजून बसवा. दर आठात तिघींना काम हवं: एक मारते, एक पडून उठते, एक वाट अडवते. आधी निम्म्या वेगात दहा वेळा.

गल्लीबोळ: धन्यवाद! खेळण्यातलं पिस्तूल वापरावं का? आणि विनोद मारामारीतच हवाय, नंतर नको.

कात्रीवाले: पिस्तूल नकोच. त्या सिनेमात तिघींपैकी एक असलेल्या ड्र्यू बॅरीमोरने निर्माती म्हणून एंजल्सच्या (तिघी डिटेक्टिव्हच्या) हाती बंदूक दिलीच नाही, म्हणून तर हातापायी रंगली. तिचा खुर्चीला बांधलेला सीन पाहा: कोणाला कसं लोळवणार हे आधी सांगते, मग तस्सं करते. हशा सांगण्यात नाही, तंतोतंत करण्यात आहे. तेवढे संवाद मात्र १०० टक्के वेगात.