दुसरीच्या पोरांना डायनोसॉरचा काळ कसा समजवायचा?

माझ्या वर्गाला नावं तोंडपाठ आहेत, पण "आजोबांनी पाहिले होते का?" हेही तीच पोरं विचारतात. काय करू?

उत्तर १: तोंडी आकडे सांगून काही उपयोग नाही. मी मैदानात चालवते. एक पाऊल म्हणजे १ कोटी वर्षं. साडेसहा पावलांवर टी-रेक्स, १५व्या पावलावर स्टेगोसॉरस. दोघांची झुंज दाखवणारी चित्रं मग पोरंच खोटी ठरवतात! आणि माणूस? ३ लाख वर्षं, म्हणजे पहिल्या पावलात अंगठ्याच्या नखाएवढा.

उत्तर २: तिथेच खडूने १२ मीटरचा टी-रेक्स आखा. कोंबडीच्या पायावरचे खवलेही जवळून दाखवा. पक्षी डायनोसॉरांचेच वंशज.

प्रश्नकर्ती: आणि टेरोडॅक्टिल?

उत्तर १: तो डायनोसॉर नव्हेच, उडणारा सरपटणारा प्राणी. हे सांगितलंत की भांडण ठरलेलं, तयारीत राहा.