घोडबंदरहून क्लिनिकला जाणं जमत नाहीये, कंबरेसाठी व्हिडिओवर फिजिओ केलंय का कोणी?

कासारवडवली_४२

नमस्कार मंडळी. वय ४२, ऑफिस ऐरोलीला, दिवसभर बसून काम. मागच्या गणपतीत आरास करताना टेबल उचललं आणि कंबरेत चमक भरली, तेव्हापासून दुखणं कधी कमी कधी जास्त पण गेलेलं नाही, आठ-नऊ महिने होत आले. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ला डिस्क बल्ज आलाय, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी जरा बाहेर फुगलीये. ऑर्थोंनी तपासून ऑपरेशन नको, फिजिओ करा सांगितलं. पायात मुंग्या वगैरे नाहीत.

क्लिनिक नौपाड्यात. पंधरा दिवस नेमाने गेलो, शेक, मशीन, शेवटी दहा मिनिटं व्यायाम. पण रिक्षाने जायला पाऊण तास, कधी सव्वा तास, त्यात मेट्रोचं काम आणि खड्डे, टेबलावर झोपून जे बरं वाटतं ते परत येताना माजिवड्यालाच संपतं. आता एक मॅडम व्हिडिओवर सेशन घेतात म्हणाल्या, आठवड्यातून एकदा, बाकीचे दिवस आपलं आपण करायचं. आई म्हणते हात न लावता कंबर कशी बरी होईल, आणि खरं सांगायचं तर मलाही तीच शंका आहे. मोबाईलमधून त्यांना दिसणार काय? आणि यूट्यूब बघून केलं तर त्यात आणि ह्यात फरक काय? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

कोपरखैरणे_बाई

मी केलंय दादा, साडेतीन महिने. माझी कंबरदुखी सहा वर्षांची जुनी, शाळेत शिकवते, दिवसभर उभी. पहिल्या कॉलला व्यायाम नाहीच, नुसते प्रश्न, सकाळी उठल्यावर कंबर किती वेळ आखडलेली असते, ओट्याशी किती वेळ उभं राहवतं, झोप लागते का. सहा वर्षांत झोपेचं कोणी विचारलं नव्हतं मला.

फोन समोर नाही ठेवायचा, बाजूला ठेवायचा, कंबरेच्या उंचीवर. मी स्टुलावर तांदळाचा डबा ठेवून त्याला टेकवायचे. झोपून व्यायाम असेल तर फोन जमिनीवर, डोक्यापासून पायापर्यंत दिसेल इतका लांब. आणि सैल कुर्ता नको, टीशर्ट ट्रॅकपँटमध्ये खोचून घ्यायचा, नाहीतर त्यांना कंबरेचा बाक दिसतच नाही.

यूट्यूबचं म्हणाल तर, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलतात तो ब्रिज मी बघून बघून वर्षभर करत होते. मॅडमनी दुसऱ्याच वेळेला थांबवलं. म्हणाल्या तुम्ही श्वास रोखताय आणि सगळा जोर कंबरेवर घेताय, टाचा जरा जवळ घ्या, उचलताना श्वास सोडा. तसं केलं आणि पहिल्यांदा ताण मांडीच्या मागे आणि कुल्ल्यांना कळला, कंबरेत काहीच नाही. यूट्यूबवाला तुमच्याकडे बघत नाही हो.

अजून एक, त्यांनी मला फोन घेऊन स्वयंपाकघरात जायला लावलं, पोळ्या लाटताना कशी उभी राहते ते बघायला. मग ओट्यापाशी पाट ठेवायला सांगितला, एक पाय पाटावर, थोड्या वेळाने बदलायचा. क्लिनिकमध्ये माझा ओटा कोणाला दिसला असता? दुखणं पूर्ण गेलं नाही, दहात सात असायचं ते दोन-तीनवर आलंय, पण आता वाशीपर्यंत ट्रेनमध्ये उभी राहून जाते.

फिजिओ_ठाणे

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, क्लिनिक आणि ऑनलाइन दोन्ही करते. आईंची शंका रास्त आहे. कॅमेऱ्यातून मला रिफ्लेक्स तपासता येत नाहीत, पायाची संवेदना नीट कळत नाही, हाताने सांधा मोकळा करता येत नाही. म्हणून पहिली तपासणी समोरासमोरच हवी, तुमची झालीये ते उत्तम.

पण तीन महिन्यांच्या पुढे गेलेल्या कंबरदुखीत मुख्य औषध म्हणजे तुमची स्वतःची हालचाल, हळूहळू वाढवत नेलेली. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये ह्याच दुखण्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्यायाम आणि दुखणं समजावून सांगणं ह्याची शिफारस आहे, आणि कंबरपट्टा, ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणं), अल्ट्रासाउंडचं मशीन, टेन्स (विजेच्या हलक्या झिणझिण्या देणारं मशीन) हे नेहमीच्या उपचारात नको असं म्हटलंय. म्हणजे घरी मशीन मिळत नाही म्हणून फार काही बिघडतंय असं नाही. मेलबर्नच्या संशोधकांचा २०२४ चा लॅन्सेटमधला अभ्यास गुडघेदुखीवरचा आहे, कंबरेचा नाही, पण ३९४ जणांमध्ये व्हिडिओवरची फिजिओ समोरासमोरच्या तोडीची ठरली.

आणि एमआरआयची धास्ती घेऊ नका. २०१५ मध्ये तीन हजारांवर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले होते, चाळिशीतल्या निम्म्या लोकांत डिस्क बल्ज होता. गादी सरकली म्हणून वाकायचंच नाही, ही भीती कंबरेला जास्त आखडवते.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लुळं पडायला लागलं, तर सेशनची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं असेल तरीही लगेच डॉक्टरांना दाखवा.

वाशी_से१७

सगळ्यांना जमेलच असं नाही. माझे वडील ७१ वर्षांचे, कानाला कमी ऐकू येतं, तोल जातो. झोपले की स्क्रीन दिसत नाही, मॅडम काय म्हणतायत ते कळत नाही, मग मी ऑफिसची कामं सोडून फोन धरून उभा. एका सेशनला उठताना भेलकांडले, भिंत होती म्हणून वाचले. आम्ही घरी येणारी फिजिओ लावली, पैसे जास्त जातात पण जिवाला घोर नाही. तुम्ही ४२ चे, तुम्हाला हरकत नाही. फक्त घरात एकटे असताना नवीन व्यायाम करू नका.

कासारवडवली_४२

सगळ्यांचे मनापासून आभार, आईला फिजिओ ताईंचं उत्तर वाचून दाखवलं. काल पहिलं सेशन झालं. मॅडमनी विचारलं घरात कुठली गोष्ट टाळता, म्हटलं खाली पडलेलं काहीही उचलणं, नऊ महिने मुलगीच उचलून देतेय. त्यांनी खुर्चीवर उशी ठेवायला लावली, ती उचलली, मग पाटावरची, मग जमिनीवरची. श्वास सोडत, गुडघे सैल. कळ आली, पण टेबल उचलताना आली होती तशी नाही, ओढ बसल्यासारखी, आणि दोन मिनिटांत गेली. मुलगी दारात उभी राहून बघत होती, नंतर तिने मुद्दाम तिची पेन्सिल खाली टाकली आणि म्हणाली बाबा दे. दिली उचलून.