मदत हवी आहे: डायकास्ट ७४७ वर क्लिअर कोट फसला

मंडळी, बोइंग ७४७ विमानाचं १:२०० मापाचं डायकास्ट (धातूचं ओतीव) मॉडेल एअर इंडियाच्या जुन्या रूपात रंगवतोय, खिडक्यांभोवती लाल झरोके असलेलं. जुना रंग थिनरने काढला (इंजिनं प्लास्टिकची, आधी सोडवली म्हणून वाचली), मग प्राइमर (रंगाखालचं अस्तर), पांढरा इनॅमल रंग, डेकल (चिकटवायची छापील चित्रं, झरोके त्यातलेच). इथवर झकास. परवा भर पावसात गॅलरीत लॅकर क्लिअरचा (वरच्या पारदर्शक थराचा) स्प्रे मारला आणि शेपटीवर दुधी झाक आली. दमट हवेचा प्रताप, कळतंय. पण डाव्या पंखाच्या मुळाशी रंगच सुरकुतलाय, बोटाला साबुदाण्याच्या पापडीसारखा लागतो. इनॅमल चारच दिवस वाळू दिला, ते नडलं का? डेकलना धक्का न लावता झाक घालवता येईल? की सगळं खरवडून पुन्हा श्रीगणेशा? तेवढे झरोके परत चिकटवायचा धीर नाही हो.